फ्रीजमधली डबी

एप्रिल लागला की माझ्या लिपस्टिका फ्रीजमध्ये राहायला जातात. जळगावात याला इलाज नाही. वैशाखातल्या दुपारी कपाटातली लिपस्टिक उघडावी, तर कांडी जागेवर नसते. झाकणात गोळा होऊन बसलेली असते, भातुकलीतल्या चटणीसारखी. आमच्या घरात अंडी येत नाहीत, त्यामुळे फ्रीजच्या दारातला अंड्यांचा कप्पा मोकळाच असतो. त्या खळग्यांत लिपस्टिका अशा चपखल बसतात, की तो कप्पा करणाऱ्यानं माझ्याच लिपस्टिकांचं माप घेतलं असावं. खाली काजळाच्या पेन्सिली, दह्याच्या पातेल्याशेजारी फाउंडेशनची बाटली, आणि अगदी मागे, लोणच्याच्या बरणीच्या आडोशाला, एक चपटी डबी. आमचे हे फ्रीज उघडतात आणि विचारतात, "आज जेवायला काय, मरून का गुलाबी?" दरवर्षी हेच विचारतात. मी दरवर्षी हसते. हसून घेतलं की पुढचा विनोद टळतो.

परवा ही हलवाहलव चालली होती आणि खाली गल्लीत डांगरांची हातगाडी येऊन थांबली. डांगर म्हणजे खरबूज. पिकलेल्या डांगराचा तो गोडसर, थोडा उग्र वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि मी हातातली डबी तशीच धरून उभी राहिले. आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण एवढं सांगून खानदेशाबाहेरच्या माणसाला काही कळत नाही. आमच्याकडे दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी यायलाच हवी. पितरांच्या नावानं घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं. खापरावरचे पुरणाचे मांडे, आंब्याचा रस, सांजोऱ्या. कडुनिंबाला दोर बांधून झोका. आणि पोरींची गौराई. लाकडी, रंगवलेली, हातभर उंचीची गौराई एखाद्या घरात बसवायची, रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणायची आणि आखाजीला तिला वाजतगाजत विहिरीपर्यंत पोचवायची. तिथं दुसऱ्या गल्लीतल्या पोरी त्यांची गौराई घेऊन उभ्या असतात, आणि मग दोन्हीकडून शिव्या. रीतच आहे ती. वर्षभर तोंड दाबून बसलेल्या पोरींना त्या दिवशी काहीही बोलायची मुभा असते आणि त्या ती वाया घालवत नाहीत.

मी कॉलेजच्या ऑफिसात भांडार सांभाळते. काचेच्या नळ्यांपासून खडूपर्यंत काय आलं, काय गेलं, कुठं ठेवलं, हे माझ्या डोक्यात असतं आणि डोक्यावर विश्वास नसल्यामुळे कागदावरही असतं. घरातलं कपाटही तसंच. वरच्या खणात रोजचं, मधल्या खणात लग्नकार्याचं, प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख. सगळ्यात खालचा खण मात्र वापराचा नाही. तिथं आईची कुंकवाची कोयरी आहे, मेणाच्या वेगळ्या कप्प्यासह. आधी कपाळाला मेण, मग त्यावर कुंकू. म्हणजे रानात दिवसभर घाम गाळला तरी कुंकू हलायचं नाही. काजळाची पितळी डबी आहे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी घालून धरलेली काजळी, त्यात तुपाचा थेंब. स्नोची पांढरी काचेची बाटली, पावडरचा गंजलेला डबा, गंधाच्या इवल्या बाटल्या. त्यातल्या काडीनं आम्ही शाळेत जाताना कपाळावर चंद्रकोर काढायचो आणि ती घामानं नाकापर्यंत यायची.

शृंगाराच्या इतिहासाचं मला वेड आहे. मिळेल ते वाचते. सिंधूकाठच्या उत्खननात तांब्याचे आरसे निघाले, सुरम्याच्या काड्या निघाल्या, हे वाचलं तेव्हा मला त्या शहरांच्या गटारांपेक्षा त्याचंच अप्रूप वाटलं. भिंती पडल्या, धान्याची कोठारं पडली, लिपी अजून कुणाला वाचता येत नाही. पण डोळ्यांत काय घालायचे ते समजतं. इजिप्तमधल्या पुरुषांच्याही डोळ्यांत काजळ होतं. युरोपातल्या श्रीमंत बायका चेहऱ्याचे डाग झाकायला शिशाची पांढरी भुकटी थापत. भुकटीनं कातडी खराब होई, मग ती झाकायला आणखी भुकटी. देवीच्या व्रणांवर तर त्या काळ्या रेशमाच्या टिकल्या चिकटवत.

काळी टिकली म्हटलं की मला तीट आठवते. आपल्याकडे माणसाच्या आयुष्यातला पहिला मेकअप म्हणजे डाग. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालून, धुरी देऊन, पावडर लावून झाली की आई काजळाचं बोट त्याच्या गालावर टेकवते. सगळं सुंदर झालंय, आता एक डाग हवा. तिकडे डाग झाकायला टिकली, इकडे देखणेपण झाकायला डाग. हे मी कितीदा मनाशी घोळवलंय. घोळवायचं कारणही आहे, आणि ते त्या चपट्या डबीत आहे.

मला कोड आहे. डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत. सुरू झालं तेव्हा चिंचोक्याएवढं होतं. माझ्या धाकट्या भावाचं लग्न तेव्हा व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले, हा संसर्ग नाही, महारोग नाही, कातडीनं रंग तयार करणं थांबवलंय, एवढंच. मला ते पटलं. आई म्हणाली, "तुले पटनं, गावले कोन पटाडी?" गावाला कोण पटवून देणार, हा प्रश्न तिचा रास्त होता. मग आमच्या ह्यांनी मुंबईहून डाग झाकायचं क्रीम आणलं, तसल्याच चपट्या डबीतलं. ते नीट बसायचं तर बाकीच्या चेहऱ्यालाही काही लावावं लागे, नाहीतर तेवढाच तुकडा डोळ्यांत येई. चेहऱ्याला लावलं की डोळे फिके दिसत, म्हणून काजळ. काजळ झालं की ओठ. असं करत करत मी शिकले. पण हेही सांगायला हवं की मी झाकण्यासाठी सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत मला ते निव्वळ आवडायला लागलं. सकाळी आरशासमोरची ती शांत वेळ, ब्रशचा गालावरचा स्पर्श, दोन रंग मिसळून तिसरा नेमका साधणं. सासरी मला नटवी म्हणत, माहेरी 'आमनी हिरोईन'. मी दोन्ही नावं मान्य केली. नटवी म्हणवून घेणं सोपं होतं.

आई गेल्यानंतर हे फक्त आमच्या ह्यांना ठाऊक होतं.

गेल्या आखाजीच्या आधी वहिनीचा फोन आला. माझं माहेर पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागतं. भाऊ तिथंच शेती करतो. त्याची मुलगी पल्लवी धुळ्याला कॉलेजात शिकते. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं आलं होतं आणि वर्षभरात गालाकडे सरकलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ बांधून गाडीवर फिरतात, नुसते डोळे दिसतात. त्यामुळे धुळ्यात तिचं निभत होतं. घरात कसं निभणार?

"अक्का," वहिनी हळू आवाजात बोलत होती, म्हणजे घरात कुणीतरी होतं, "पोरगी घरमाबी स्कार्फ सोडस नही. गौराईनी गानी हाईच म्हनस दरवरीस. बठ्ठ्या पोरी इचारी ऱ्हायन्यात. तुमनाकडे डाग झाकाना काही व्हई ना? तुमनाकडे तं बठ्ठं ऱ्हास."

"आहे," मी म्हटलं. "सगळं असतं माझ्याकडे. घेऊन येते."

"मंग मी तिले सांगस. आत्या उनी का मंग चाल म्हनस."

पल्लवी लहानपणापासून गौराईच्या गाण्यांची पुढारी. आवाज फार गोड नाही, पण खणखणीत. आणि शिव्यांत तर तिचा हात कुणी धरू शकत नसे. माझी डबी आली तर ती बाहेर येणार होती. नाही तर नाही. एवढं साधं होतं.

मी यादी केली. कपडे, सांजोऱ्यांसाठी रवा, भावाला धोतरजोडी, मेकअपची पेटी. पेटीची यादी वेगळी, कपाटातल्या खणांच्या क्रमानं. एकेक खण उघडला, एकेक वस्तू पेटीत ठेवली, खूण केली. फ्रीजमधल्या लिपस्टिका, काजळ, फाउंडेशन समोर दिसलं तेवढं यादीशिवायच उचललं. सगळ्या खुणा झाल्या. सकाळी चेहरा करून, डबी वापरून, ती परत थंड राहावी म्हणून होती तिथं ठेवून, मी बस पकडली.

एरंडोल गेलं, पारोळ्याचा किल्ला मागं पडला. खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा होता. मी मांडीवर पेटी घेऊन, ओल्या पंच्यात गुंडाळून बसले होते, पोर सांभाळावं तशी.

माहेरी पोचले तेव्हा चुलीवर खापर तापलेलं होतं आणि वहिनीच्या हातांवर मांडा झुलत होता. तिनं मानेनंच मागची खोली दाखवली. पल्लवी खाटेवर बसली होती. नवी हिरवी साडी, वेणीत गजरा आणि तोंडाला कॉलेजचा निळा स्कार्फ. अंगणातून पोरींचा गलका येत होता.

"आत्या, लवकर कर," ती म्हणाली. "त्या येड्यांनी दुसरं कडवं पहिलं म्हटलं."

मी पेटी उघडली. वरचा कप्पा, मधला कप्पा, तळ. मग पुन्हा तळापासून वर. आणि मग मला जळगावचा फ्रीज दिसला, दार उघडं, आतला दिवा लागलेला, लोणच्याची बरणी, आणि तिच्यामागे डबी. माझी सगळी यादी कपाटाची होती. वैशाखात जे महत्त्वाचं ते कपाटात नसतंच, हे ज्या बाईला पाठ आहे, तिनं यादी कपाटाची केली होती.

"काय झालं?" पल्लवीनं विचारलं.

"थांब. करते काहीतरी."

केलं. फाउंडेशनमध्ये हळद घातली, हळदीत पावडर, पावडरीत लिपस्टिकचा ठिपका, जरा काजळ. तळहातावर रंग अगदी बरोबर दिसत होता. तिच्या गालावर लावला, तर खोलीतल्या उष्म्यानं तो बघता बघता लालसर झाला आणि ओठाच्या कोपऱ्यातून खाली ओघळला. पल्लवीनं आरसा घेतला.

"खापर दिसतंय," ती म्हणाली. "तडकलेलं." आणि हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. तिनं स्कार्फ ओढला आणि भिंतीकडे वळून बसली.

वहिनी दारात आली. पिठाचे हात तसेच. "व्हयनं का?"

मी नाही म्हटलं. डबी राहिल्याचं सांगितलं. वहिनी चौकटीला टेकून उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी मोरीवर गेले. माझा चेहराही बसमधल्या उन्हानं आणि चुलीच्या धगीनं उतू चालला होता. मानेवरून एक गव्हाळ धार ब्लाउजात जात होती. नेहमी अशा वेळी मी पर्स घेऊन कडी लावते. पर्समध्ये काही नव्हतं. तांब्या भरला. तो ओतायच्या आधी मी जरा थांबले हे खरं. मग ओतला, साबण लावला, पुन्हा ओतला. पदरानं तोंड पुसलं आणि खोलीत येऊन खाटेवर तिच्यासमोर बसले.

ती भिंतीकडेच बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वळली. आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, मग नजर खाली गेली आणि तिथंच राहिली.

"आत्या," ती म्हणाली, "तुलेबी शे?"

पल्लवी धुळ्याला गेल्यापासून माझ्याशी शहरी मराठी बोलते. अहिराणी तिच्या तोंडी येते ती फक्त रागात, नाहीतर फार आतून.

"हो. तुझ्या बाबाच्या लग्नाच्या आधीपासून."

मला वाटलं होतं, ती गळ्यात पडेल. पोरी पडत नाहीत. "मंग इतला दिन माले सांगं काब्र नही?" ती एवढ्यानं ओरडली, की अंगणातलं गाणं थांबलं. "मी वरीसभर देखी ऱ्हायनू, मन्हासारखं कोनले शे का! बसमा, कॉलेजमा, लग्नमा! आनि तू... तू मन्हा समोर बशीसन लिपस्टिक लावस!"

मी पदरानं ओली हनुवटी पुन्हा पुसली. 

वहिनीला मात्र उत्तर सापडलं, तिच्याच प्रश्नाचं. ती दारातून आत आली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, एखादी साडी पारखावी तसा. पिठाची बोटं माझ्या गालावर उमटली असणार. मग ती ताठ झाली.

"म्हंजे हाई तुमनाकडनं शे!"

"वहिनी..."

"वरीसभर मी मन्हा माहेरना बठ्ठा लोके मोजी काढात! मामा, मावशी, आजीनी बहीन! तुमना भाऊ म्हनस, तुमनाकडेच व्हई कोनले, आमना खानदानमा नही!" ती ओसरीकडे वळून भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकं का हो? तुमनी हिरोईनले शे!"

ओसरीवरून खाटेचा आवाज आला, भाऊ उठून बसल्याचा.  तो बिचारा काय बोलणार? आणि त्यावर वहिनीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग धड उभं राहता येईना. ती खाटेवर माझ्या बाजूला बसली आणि डोळे पुसत राहिली. हसण्याचं पाणी कोणतं आणि दुसरं कोणतं, ते मी विचारलं नाही. वर्षभराचं ओझं तिच्या माहेरच्या डोक्यावरून उतरलं होतं.

तेवढ्यात बाहेर, रस्त्यावरून, पलीकडच्या गल्लीची मिरवणूक आली. त्यांच्यातली एक पोरगी आमच्या दारासमोर थांबून ओरडली, "काय वं, तुमनी गौराई मुकी व्हयनी का?" आमच्याकडच्या पोरी काहीतरी पुटपुटल्या. ते इतकं मिळमिळीत होतं की मलाही लाज वाटली.

पल्लवीनं दात आवळले. मी बघत होते. तिच्या कपाळाची शीर उडत होती. "मुकी तुन्ही सासू!" ती खिडकीतून ओरडली. दोन्ही बाजूंनी खिंकाळल्यासारखं हसू. ज्या पोरीला उद्देशून होतं तिचं लग्नही ठरलेलं नव्हतं.

पल्लवीनं स्कार्फच्या कोपऱ्यानं गालावरचं खापर पुसून काढलं. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "ती लाल दे. तुझी ती गडद."

मी दिली. तिनं आरशाशिवाय लावली, सरळ. लाल रंगाशेजारी पांढरा कोपरा आणखी पांढरा दिसत होता. तिला ते कळत असणारच. ती रंगांच्या बाबतीत माझ्यावर गेली आहे. ती उठली, स्कार्फ खाटेवर टाकला आणि निघाली.

"थांब!" वहिनी ओरडली.

 आता ही पोरीला परत बसवते, असं वाटलं. वहिनी खणाकडे धावली, काजळाची डबी काढली, बोट बुडवलं आणि उंबऱ्यात पल्लवीला गाठून तिच्या कानामागे तीट लावली. बोटाचं उरलेलं काजळ स्वतःच्या केसांना पुसलं.

"जाय आते," म्हणाली.

मी त्यांच्या मागून गेले, धुतलेल्या तोंडानं. गावात सगळं सोपं झालं असं नाही. विहिरीवर एका बाईनं मला हळदकुंकू लावताना बोट अर्ध्यात थांबवलं आणि करंडा दुसरीकडे सरकवला. एकीनं मांडीवरचं पोर उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. मी ते पाहिलं. पल्लवीनंही पाहिलं आणि तिच्या शिव्या एक पट्टी वर गेल्या. परतताना कडुनिंबाखाली नानी भेटली, गल्लीतली सगळ्यात म्हातारी. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. तिनं हात कपाळावर धरून मला निरखलं.

"काय वं, तुन्हा तोंडले काय व्हयनं?"

"कोड शे, नानी."

"मंग इतला दिन कथा व्हतं?"

"पावडरखाले."

"तरीच म्हनू," नानी म्हणाली, "हाई पोर इतली पावडर काब्र लावस!" एका मोठ्या कोड्याचा उलगडा झाल्याच्या समाधानानं तिनं मान हलवली, आणि मग झोक्याची पाटी माझ्याकडे ढकलली. "बस. जोरमा घे."

मी बसले. तोंडावर काही नसताना झोक्याचा वारा कसा लागतो, हे मी विसरले होते. जिथं रंग नाही तिथं तो जास्त गार लागतो की काय, कोण जाणे. मला तरी तसं लागला.

जळगावला परतल्यावर सोमवारी सकाळी मी फ्रीजमधून डबी काढली आणि लावली. ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात एक दिवस नाही लावली. आता काही दिवस लावते, काही दिवस नाही. त्याचं वेळापत्रक मी केलेलं नाही, आणि माझ्या हातून वेळापत्रक न झालेली ती बहुधा एकमेव गोष्ट असावी. लिपस्टिक मात्र रोज. पल्लवीलाही एक डबी दिली. ती म्हणते, "आत्या, परीक्षेच्या दिवशी लावते. पर्यवेक्षक बघत बसतात, मग पेपर सुचत नाही." रास्त कारण आहे.

परवा तिचा फोन आला. "आखाजीला येतेयस ना? यादी केलीस?"

"केली."

"फ्रीज लिहिलास का त्यात?"

"लिहिला."

खरंच लिहिला आहे. आज सकाळी पेटी भरली. आधी कपाट, मग फ्रीज. लाल लिपस्टिका दोन घेतल्या. एक परत येणार नाही हे ठाऊक आहे. काजळ घेतलं. मग लोणच्याची बरणी बाजूला करून डबी काढली. गार होती. झाकण पुसलं, जरा हातात धरली.

आणि परत बरणीमागे ठेवून फ्रीजचं दार लावलं. या वेळी विसरले नाही.